एकशे सत्तावीस अंश

दातांच्या त्या लॅबमध्ये तिला सगळे ठिणगी म्हणायचे. तोंडावर ताई, पाठ फिरली की ठिणगी. तिला हे ठाऊक होतं आणि त्याचं तिला फारसं वाईटही वाटत नसे. वीस वर्षं तिने तिथे मेणाचे दात कोरले होते. दाढेवरचे उंचवटे, त्यांच्यामधल्या खाचा, सगळं बोटांना पाठ. सहा वर्षांपूर्वी कॉम्प्युटर आले. दात आता स्क्रीनवर घडवायचे आणि पलीकडच्या खोलीतलं यंत्र ते कोरून काढणार, असं ठरलं. "या वयात कुठे शिकताय" म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या नाकावर टिच्चून ती शिकली. तीन नंबरचं मशीन तिचं. त्याचा कीबोर्ड ती रोज सकाळी पुसायची, आणि तिच्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलेलं तिला खपत नसे.

त्या सोमवारी ती कामावर आली, तर चहाच्या टेबलावरच्या फळ्याला एक छापील कागद टाचलेला. वर मथळा होता, 'संगणकांचे आरोग्य'. खाली पाच ओळी. चार हिरव्या, एक लाल.

'मशीन क्र. ३. तापमानाचे धोक्याचे इशारे: ४१. कारण: वापरणाऱ्याकडून हेळसांड.'

तिने ती ओळ दोनदा वाचली. हेळसांड! तळपायाची आग मस्तकात गेली. मागे चहा घेत उभी असलेली माणसं एकदम कपात डोकं घालून चहा पिऊ लागली.

ती तडक मालकांच्या केबिनमध्ये गेली. मालक तसे भले गृहस्थ. जगात दोनच गोष्टींना घाबरायचे, डॉक्टरांच्या फोनला आणि बायकोच्या भावाला. तो भाऊ समोरच बसला होता. लॅबचे कॉम्प्युटर तोच सांभाळायचा, शिवाय गावातल्या आणखी तीन-चार ऑफिसांचेही. समोर सगळे त्याला सर म्हणत आणि आपापसात मेहुणेबुवा. गेल्या तिमाहीत त्याने पाचही मशिनांवर एक प्रोग्रॅम बसवला होता. मशीनच्या आत किती गरम आहे, पंखा किती वेगाने फिरतोय, वीज नीट येतेय का, यावर तो प्रोग्रॅम डोळा ठेवायचा. उष्णता नव्वद अंशांच्या वर गेली की ठणाणा करायचा आणि मशीन जळू नये म्हणून सरळ बंद करून टाकायचा.

"हे काय लावलंय बाहेर?" ती दारातूनच म्हणाली.

"बसा ताई, बसा," मालक म्हणाले.

"बसायला नाही आले मी."

मेहुणेबुवांनी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "एकशे सत्तावीस अंश. बघा तुम्हीच. बाकीची चार मशिनं पन्नासच्या आत. तुमचंच का तापतं?"

"ते तर मी विचारतेय! मशीन मधेच बंद पडतंय म्हणून तीनदा फोन केला तुम्हाला. तुम्ही म्हणालात धूळ झाडा. झाडली."

"पंखा कुरकुरत होता तो मी बदलून दिला. नवाकोरा पंखा, तरी तापतंय. म्हणजे दोष वापरात आहे. तुम्ही कॅबिनेटवर स्वेटर टाकता."

"खुर्चीवर टाकते."

"डबा ठेवता."

"डबा कपाटात असतो. तुम्हाला कुणी सांगितलं हे?"

"सांगायला कशाला पाहिजे?" मेहुणेबुवा हसले. "बाई, सेन्सर खोटं बोलत नाही. माणसं बोलतात."

तिच्या कानशिलांतून वाफा निघाल्या.

मालकांनी घसा खाकरला. शुक्रवारी तिचा सलग जोडलेल्या चौदा दातांचा ब्रिज वाया गेला होता. दोन दिवसांचं काम. तेराव्या दातावर असताना मशीन बंद पडलं आणि परत चालू केल्यावर फाईल उघडेचना. त्या पेशंटच्या डॉक्टरांनी मालकांना फोनवर झोडपून काढलं होतं.

"काही दिवस तुम्ही प्लास्टरच्या खोलीत बसा," मालक टेबलाकडे बघत म्हणाले. "तीन नंबर बारकी बघेल."

बारकी म्हणजे लॅबमधली सगळ्यात धाकटी डिझायनर. काडीसारखी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ठिणगीनेच तिला हाताला धरून शिकवलं होतं.

"शिक्षा का ही?"

"शिक्षा कशी? तात्पुरती सोय."

ती वळली आणि दार असं आपटलं की फळ्यावरचा तो कागद फडफडला. पडला मात्र नाही.

प्लास्टरची खोली मागच्या अंगाला होती. डॉक्टरांकडून आलेल्या जबड्यांच्या मापांत ओलं प्लास्टर ओतायचं, घट्ट झालं की साचा सोडवायचा, कडा घासायच्या. पांढरी भुकटी केसांत, नाकात, पापण्यांवर. तिथे एक काका तीस वर्षं एकटे काम करत होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, जास्तीचा एप्रन खुंटीवरून काढून दिला आणि म्हणाले, "ये. इथे तापणारी एकच वस्तू आहे, प्लास्टर. ते घट्ट होताना आपणहून तापतं. त्याचा ठपका कुणावर ठेवत नाहीत."

एरवी ती हसली असती.

घरी आली तीच भांडी आपटत. नवरा शाळेची बस चालवायचा. दिवसभर पन्नास पोरांचा गोंगाट ऐकून आलेल्या माणसाला घरात शांतता हवी असते. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जाऊ दे गं. काम तर आहे ना?"

"काम आहे हो! नावाचं काय? भिंतीवर लावलंय माझं नाव."

"नाव कुठे? मशीनचा नंबर लावलाय."

"अख्ख्या लॅबला माहितीय नंबर तीन कोण ते. तुमच्या बसवर लिहिलं उद्या, 'या बसचा ड्रायव्हर गाडीची वाट लावतो', तर म्हणाल का जाऊ दे?"

कोपऱ्यात सासूबाई जेवत होत्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, एका कानाने कमी ऐकणाऱ्या. ताप मोजायच्या थर्मामीटरच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं तपासणीच्या टेबलावर काढली होती. ठरावीक उष्णतेच्या पाण्यात थर्मामीटर बुडवायचे, आकडा बघायचा आणि चुकीचा दाखवेल तो बाजूच्या पेटीत टाकायचा. हजारो काचेच्या नळ्यांचं खरं-खोटं त्यांनी केलं होतं.

"किती म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

"एकशे सत्तावीस, आई."

"आणि त्याच्या आधी?"

"आधी म्हणजे?"

"अगं, एकशे सत्तावीस व्हायच्या आधी किती होतं? पन्नास? सत्तर? किती वेळात चढलं? मग किती वेळात उतरलं?"

"ते मला काय माहीत?"

"मग भांडायला कशाला गेलीस?" सासूबाईंनी ताट बाजूला केलं. "आकडा न बघताच तोंड घेऊन गेलीस होय? तो गडी शहाणा नसेल, पण त्याच्या हातात निदान एक आकडा होता. तुझ्या हातात काय होतं?"

ठिणगीला आता सासूचाही राग आला. दिवसभरात उरलेल्या त्या एकट्याच होत्या.

"ताप चढतो, ताप उतरतो," सासूबाई पुढे म्हणाल्या. "उडी मारत नाही. गरम व्हायला वेळ लागतो आणि निवायला त्याहून जास्त. नळीतला आकडा टुणकन उडाला की आम्ही समजायचो, माणसाला काही झालेलं नाही, नळीतच खोट आहे. जा, आकडा बघून ये आधी. मग खुशाल भांड."

दुसऱ्या दिवशी प्लास्टर ओतलेला एक जबडा ती हातात धरून बसली. गार, मग कोमट, मग चांगला गरम. दहा मिनिटं गेली. निवायला अर्धा तास लागला. काका बघत होते.

जेवणाच्या सुट्टीत ती डिझाईनच्या खोलीत गेली. सगळे बाहेर गेले होते. एकटी बारकी तीन नंबरसमोर बसली होती, हात मांडीवर, चेहरा पांढराफटक. स्क्रीन काळी. मशीन नुकतंच बंद पडून परत सुरू होत होतं.

ठिणगी तिच्या मागे येऊन उभी राहिली. "कालपासून कितव्यांदा?"

बारकी दचकली. "चौथ्यांदा."

"आणि तू कुणाला सांगितलं नाहीस."

"ताई, सांगितलं असतं तर मलापण प्लास्टरमध्ये..."

"म्हणजे माझं नाव खराब राहिलं तरी चालेल, तुझं होऊ नये!" तिचा आवाज चढला. "तुला माउस धरायला मी शिकवलं. काल मला तिकडे धाडलं तेव्हा तोंडाला कुलूप लावून बसलीस, आणि चार वेळा मशीन बंद पडल्यावरही तसंच?"

बारकीच्या डोळ्यांत पाणी आलं. ठिणगीला तिची दया आली नाही, खरं सांगायचं तर. पण वेळ थोडा होता. तिने शेजारची खुर्ची ओढली.

"रड नंतर. तो प्रोग्रॅम नोंद ठेवतो ना सगळ्याची? उघड."

नोंद उघडली. दर दोन सेकंदांना एक ओळ. वेळ आणि पुढे प्रोसेसरची उष्णता. बारकी खाली सरकवत गेली. सेहेचाळीस, सेहेचाळीस, सत्तेचाळीस, सेहेचाळीस, एकशे सत्तावीस. तिथे ओळी संपत होत्या, कारण तिथे मशीन बंद पडलं होतं.

"वर जा. आधीचं दाखव."

सोमवारची नोंद. पंचेचाळीस, पंचेचाळीस, एकशे सत्तावीस. शुक्रवारची, चौदा दात ज्या वेळी गेले ती. अठ्ठेचाळीस, अठ्ठेचाळीस, एकशे सत्तावीस. प्रत्येक वेळी तोच आकडा. कधी एकशे सव्वीस नाही, एकशे अठरा नाही, मधे साठ-सत्तर-ऐंशी काही नाही. एकदा तर सकाळी मशीन चालू केल्यावर तीन मिनिटांत, लोखंड हाताला गार लागत असताना.

"टुणकन," ठिणगी म्हणाली.

"काय?"

"काही नाही. पहिल्यांदा कधी झालं हे?"

पहिला इशारा गेल्या महिन्याच्या चार तारखेचा, सकाळी अकरा वीसचा. त्याआधी पाच आठवडे नोंद अगदी स्वच्छ होती. चार तारीख. ठिणगीने डोळे मिटले. चार तारखेला पंखा बदलला. मेहुणेबुवा तिच्या खुर्चीवर पाऊण तास बसले होते आणि उठताना चहाचा कप कीबोर्डशेजारी तसाच टाकून गेले होते. तो कप तिनेच उचलला होता.

"त्या दिवशी मशीनमध्ये काय काय टाकलं ते दिसतं का?"

बारकीने प्रोग्रॅमची यादी काढून तारखेप्रमाणे लावली. चार तारखेला, अकराला दहा कमी असताना, एक नवा प्रोग्रॅम. मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीचा, पंख्याचा वेग ठरवण्यासाठीचा. स्क्रीनच्या कोपऱ्यात चिन्हांच्या मागे तो लपून बसला होता. दुसऱ्या कुठल्याही मशीनवर नव्हता. आणि तोही दर काही सेकंदांना त्याच सेन्सरला उष्णता विचारत होता.

मग बारकीने पहिल्या प्रोग्रॅमची मदतीची पानं उघडली. इंग्रजी तिला बरं येई. वाचता वाचता ती थांबली आणि ठिणगीला अर्थ सांगितला. या जातीचा दुसरा कुठलाही प्रोग्रॅम सोबत चालू ठेवू नका. दोघांनी एकाच क्षणी सेन्सरला विचारलं तर उत्तरात घोळ होतो आणि भलतेच आकडे दिसतात.

"म्हणजे एका खिडकीवर दोन माणसांनी एकदम तोंड घातलं की आतला कारकून काहीतरी बरळतो, तसं," बारकी म्हणाली.

"किती वेळ लागला हे वाचायला?"

"पाच मिनिटं."

ठिणगी उठून उभी राहिली आणि परत बसली. पाच मिनिटं! त्या माणसाने महिन्याभरात पाच मिनिटं काढली नाहीत. कागद छापायला काढली, तो रंगीत करायला काढली, चार टाचण्या मारायला काढली. तिच्या हाताच्या मुठी वळल्या होत्या. तत्क्षणी केबिनमध्ये घुसावं असं तिला वाटलं. पण सासूबाईंचं 'तुझ्या हातात काय होतं' आठवलं आणि तिने दात ओठांवर रोवून स्वतःला थांबवलं.

"उद्या दिवसभर तो दुसरा बंद ठेव. काही झालं तरी लिहून ठेव, नाही झालं तरी लिहून ठेव."

बुधवारी दिवसभर मशीन एकदाही बंद पडलं नाही. गुरुवारी सकाळी बारकीने दुसरा प्रोग्रॅम परत चालू केला आणि दहा चाळीसला स्क्रीन काळी झाली. दुपारी तो बंद केला, मशीन शांत. संध्याकाळी चालू केला, पाऊण तासात पुन्हा तेच. सगळं बारकीने वेळेसकट वहीत उतरवलं. अक्षर थरथरत होतं, पण खाडाखोड नव्हती.

शुक्रवारी मेहुणेबुवा आले, तेव्हा ठिणगी प्लास्टरचा एप्रन अंगात ठेवूनच डिझाईनच्या खोलीत आली. मशीन बंद करून तीन नंबरच्या कॅबिनेटचं झाकण तिने आधीच काढलं होतं. मालकांना बारकीने बोलावून आणलं. मेहुणेबुवा आत शिरले आणि उघडं मशीन बघून ओरडले, "हे कुणी उघडलं?"

"मी," ठिणगी म्हणाली. "उभे राहा इथे. मालकांसमोर मला खोटं पाडलंत, आता सगळ्यांसमोर ऐका."

तिने खिशातून मेणाची एक दाढ काढली. काल संध्याकाळी प्लास्टरच्या खोलीत बसून जुन्या हत्यारांनी कोरलेली. चारही उंचवटे टोकदार, मधली खाच केसाएवढी.

"हे मेण साठ अंशांच्या आत ढेपाळतं. वीस वर्षं या हातात होतं, मला नका शिकवू." प्रोसेसरवरच्या धातूच्या पत्र्यांना टेकवून तिने ती दाढ ठेवली आणि मशीन चालू करायला लावलं. आपोआप बंद होण्याची सोय बारकीने तेवढ्यापुरती काढून ठेवली, फक्त ठणाणा राहू दिला. मग दोन्ही प्रोग्रॅम सुरू केले.

सगळे उभे. दोन मिनिटं, चार मिनिटं. मेहुणेबुवांनी घड्याळ बघितलं. "मला दुसरीकडे जायचंय."

"जाल. इतके दिवस मी थांबले, तुम्ही दहा मिनिटं थांबा."

अकराव्या मिनिटाला मशीन किंचाळलं. लाल चौकट, एकशे सत्तावीस. मालक दचकून मागे सरले. ठिणगीने आत हात घातला, दाढ उचलली आणि मालकांच्या तळव्यावर ठेवली. चारही उंचवटे तस्सेच.

"पत्रे बाहेर असतात," मेहुणेबुवा लगेच म्हणाले. "तापते ती आतली चिप. पत्र्यावर मेण ठेवून काय कळणार?"

"बरं झालं बोललात. बारकी, पुढची ओळ वाच."

बारकीने खणखणीत वाचलं. "सत्तेचाळीस. सत्तेचाळीस. एकशे सत्तावीस. सत्तेचाळीस."

"दोन सेकंदांत ऐंशी अंश चढलं आणि दोन सेकंदांत ऐंशी अंश उतरलं," ठिणगी म्हणाली. "मी दात करते. तुम्ही कॉम्प्युटरवाले. सांगा, अशी कुठली वस्तू असते? आणि दर वेळी नेमकं तेवढंच कसं तापतं? माझं स्वेटर पण मोजून टाकते का मी?"

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"आणि चार तारखेला हा दुसरा प्रोग्रॅम कुणी टाकला?"

मेहुणेबुवांनी स्क्रीनकडे पाहिलं. मग बारकीच्या वहीकडे. "तो कंपनीचाच आहे... पंख्याच्या वेगासाठी... असं होईल हे कुणाला माहीत असतं?"

"पहिल्याच्या मदतीच्या पानावर लिहिलंय. पाच मिनिटं लागतात वाचायला."

मालकांनी दाढ बोटांत फिरवली आणि सुटका झाल्यासारखं म्हणाले, "चला, सापडला दोष! दुसरा काढून टाका. ताई, जा तुमच्या जागेवर. झालं गेलं विसरून जा."

आणि इथे तिचा खरा भडका उडाला. इतका वेळ होता तो राग निदान कामाला जुंपलेला होता.

"विसरून जा? कागद लावताना सगळ्यांना वाचायला लावलंत, आणि आता विसरायचं मी एकटीने?"

"कागद काढतो की."

"काढू नका! राहू दे तिथेच. त्याच्या शेजारी दुसरा लावा. काय झालं होतं, कुणामुळे झालं, स्वच्छ लिहा. तोवर मी या खुर्चीला हात लावणार नाही."

"एवढ्याशा गोष्टीचं किती करताय," मेहुणेबुवा पुटपुटले.

"एवढीशी?" ती त्यांच्या अगदी समोर गेली. एप्रनवरची पांढरी भुकटी त्यांच्या शर्टावर उडाली. "मी सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडातले दात केले. एक दाढ केसभर उंच झाली तर तो माणूस जेवू शकत नाही, म्हणून रात्रंदिवस जीव काढला. आणि तुम्ही न बघता, न विचारता लिहिलंत, हेळसांड. एवढीशी म्हणे!"

ती प्लास्टरच्या खोलीत परत गेली. काकांनी तिच्याकडून भांडं काढून घेतलं आणि स्वतः प्लास्टर कालवलं.

शनिवारी दुपारी मालक त्या खोलीच्या दारात आले. तिथे ते वर्षानुवर्षं फिरकले नव्हते. काळ्या बुटांवर पांढरी भुकटी बसली. हातात कागद होता, स्वतःच्या गिचमिड अक्षरात लिहिलेला. "बघा, चालेल का?"

तिने वाचलं. 'काही तांत्रिक कारणामुळे...'

"नाही चालणार. कारण लिहा. कुणी टाकला ते लिहा."

"ताई, मला घरी जेवायला बसायचं असतं हो," मालक कळवळून म्हणाले.

काका तोंड फिरवून हसले. ठिणगीला हसू आलं नाही, पण तिने पेन घेतलं. खूप घासाघीस झाली. शेवटी कागदावर राहिलं ते असं: 'मशीन क्र. ३ चे इशारे खोटे होते. देखभाल करणाऱ्यांनी दोन प्रोग्रॅम एकत्र चालू ठेवल्यामुळे ते आले. मशीन वापरणाऱ्या ताईंचा त्यात काहीही दोष नव्हता. चौकशी न करता त्यांना हलवलं, ही चूक माझी.' शेवटचं वाक्य मालकांनी आपणहून घातलं होतं. ते वाचून ती क्षणभर थांबली आणि मग म्हणाली, "लावा."

सोमवारी ती तीन नंबरवर बसली. चौदा दात पुन्हा पहिल्यापासून केले. बारकीशी ती आठवडाभर कामापुरतंच बोलली. मग एकदा तिच्या स्क्रीनवरची एक दाढ चुकलेली दिसली आणि न राहवून तिने खुर्ची ओढली.

दोन आठवड्यांनी मेहुणेबुवांचा फोन आला. आवाज साखरेसारखा. "ताई, एक विचारायचं होतं. माझ्याकडे एक नकाशे काढणाऱ्यांचं ऑफिस आहे. तिथे एका मशीनवर मी हेच दोन प्रोग्रॅम टाकले होते बहुतेक. तुम्ही ते नेमकं कसं तपासलंत? क्रम काय होता?"

तिने क्रम सांगितला. मग विचारलं, "त्या मशीनवर कोण बसतं?"

"आता नवीन मुलगा आहे."

"आधी?"

"होत्या एक बाई. गेल्या सोडून. म्हणजे... कामावर रोज कटकट व्हायची त्यांची. मशीन सारखं बंद पडायचं."

ठिणगीच्या अंगाचा तिळपापड झाला. पण या वेळी ती ओरडली नाही. "त्यांचा नंबर द्या."

"कशाला उगाच..."

"द्या. नाहीतर मी त्या ऑफिसात येऊन विचारते."

नंबर मिळाला. जेवणाच्या सुट्टीत तिने तो लावला. पलीकडे एक थकलेला, सावध आवाज होता.

"तुम्ही मला ओळखत नाही," ठिणगी म्हणाली. "तुमचे नकाशाच्या ऑफिसातले कॉम्प्युटर बघणारे आहेत ना, तेच आमचेही बघतात."

"तिथलं काही असेल तर मला बोलायचं नाही."

"फोन ठेवू नका. एकच सांगा. मशीन बंद पडताना आकडा किती यायचा?"

ती बाई हळू म्हणाली, "एकशे सत्तावीस."

"खोटा होता तो. त्यांच्याच चुकीने येत होता. तुमचा काही दोष नव्हता. माझ्याकडे सगळं लिहिलेलं आहे, वेळेसकट. तुम्हाला पाठवते. पाहिजे तर मी तुमच्याबरोबर तिथे येते आणि त्यांच्याकडून लिहून घेते."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"मी घरातला टेबलफॅन नेऊन ठेवला होता हो त्याच्यासमोर," ती बाई म्हणाली. "उन्हाळ्यात. घरी म्हातारे वडील, त्यांना उकडायचं, तरी नेला. सगळे हसायचे मला. साहेब म्हणायचे, तुमच्या हाताला कॉम्प्युटर टिकत नाही. नवीन जागी पण मी भीत भीत बसते अजून. हात लावायच्या आधी..." बोलता बोलता तिचा आवाज बदलला, कडक झाला. "आठ महिने! आठ महिने मला असं वागवलं त्यांनी, आणि त्या माणसाने एकदा तरी... एकदा तरी बघायचं ना नीट!"

"बोला," ठिणगी म्हणाली आणि खुर्ची भिंतीकडे वळवून बसली. "सगळं बोला. मला वेळ आहे."